दोन देशांची हत्तीण

एका राज्यात, जिथे न्यायसभेत पोपटाचीही साक्ष काढत, शापाने राणीची हत्तीण झाली आणि ती रानात नाहीशी झाली. उतारा एकच: तिच्या गळ्यात राजमुद्रा बांधायची. मुद्रा परक्या गळ्यात पडली, तर राणी जन्मभर हत्तीण राहणार आणि राज्य त्या परक्या जनावराच्या धन्याचं होणार.

एके सकाळी कर्दम नावाचा मांत्रिक थोरल्या सुळ्यांची हत्तीण घेऊन दरबारात आला. "महाराज, या आपल्या राणीसाहेब."

राजाचे डोळे भरून आले. त्याने मुद्रा उचलली. राजकन्या सुवर्चेने त्याचा हात धरला. दूरदेशी गुरूंकडे ती प्राण्यांची विद्या शिकून आली होती, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली होती.

"तात, आधी तीन परीक्षा."

"आईवर संशय, बाळ?"

"आईवर नाही. आणणाऱ्यावर." तिने सुळ्यांकडे बोट दाखवलं. "आपल्या रानात माद्यांना असे सुळे नसतात."

कर्दम हसला. "समुद्रापलीकडे असतात, राजकन्ये. शापाला देश नसतो."

सुवर्चेने फरशीवर सुपारी टाकली. हत्तिणीने ती सोंडेच्या टोकाच्या दोन बोटांनी चिमटीत उचलली. आपल्या हत्तींना असं बोट एकच.

"पाहिलंत? समुद्रापलीकडचीच!"

"मग कान एवढे लहान कसे? आणि माथ्यावरचे हे दोन उंचवटे तर आपल्याच रानातले."

"शिंपी चुकला वाटतं," तुळईवरचा पोपट म्हणाला.

राजा तरीही डळमळत होता.

"आता तिसरी परीक्षा. तिला साद घालू दे," सुवर्चा म्हणाली आणि फरशीला तळवे टेकून बसली. हत्तीण अशी ओरडली, की झुंबरं किणकिणली. पण हत्तींचा खोल हुंकार माणसाच्या कानांना कळत नाही. तो जमिनीतून जातो आणि दुसरे हत्ती तो पायांनी ऐकतात. फरशी मुकीच राहिली. अंगणातले हत्ती ऊस खात राहिले.

मग तळव्यांखाली काहीतरी थरथरलं. अंगणातल्या हत्तींचे हलते कान थांबले. एकेका हत्तीने पुढचा पाय हलकेच उचलला आणि ओळखीची साद आल्यासारखं रानाकडे तोंड केलं.

सुवर्चा मुद्रा घेऊन धावली.

"जा, जा! तिकडची हत्तीणही माझीच!" कर्दम मागून ओरडला.

ते शब्द तिच्या काळजात रुतले. नदीकाठी कळप होता. एक पिल्लू चिखलात अडकलं होतं. पुढची म्हातारी हत्तीण कान पसरून सुवर्चेवर चालून आली. मुद्रेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पिल्लाच्या आड ती उभी राहिली आणि सुवर्चेकडेही संशयाने पाहू लागली.

पायांखाली तोच हुंकार थरथरला आणि सुवर्चेची खात्री पटली. मुद्रेच्या लोभाने आलेल्या कोणी पिल्लाला आधी झाकलं नसतं. तिने पुढे होऊन मुद्रा त्या गळ्यात बांधली.

"उशीर केलास," राणी म्हणाली.

"पारखत होते, आईसाहेब."

"बरं केलंस. आता पदर खोच आणि याला मागून ढकल. राजवाडा नंतर."

पिल्लू वर आलं. त्याच क्षणी दरबारातल्या, मंत्राने घडवलेल्या हत्तिणीचा चिखल झाला आणि कर्दम त्यात कमरेपर्यंत रुतला. त्याला ढकलायला मात्र कोणीच पुढे आलं नाही.