स्टेपलरच्या तोंडातलं कडं

ऑपरेशनची हत्यारं आपसांत बोलत असत, तेव्हाची गोष्ट. कापलेली अन्ननलिका जठराला जोडून गोल स्टेपलर ट्रेमध्ये परतला. "एका दाबात काम फत्ते! तू अजून टाकेच घालत बसली असतीस," त्याने सुईला हिणवलं.

सुईचा जीव थाऱ्यावर नव्हता. "तोंड उघड बघू. जोडताना दोन्ही टोकांची कापून आलेली मांसाची कडी अख्खी आहेत ना?"

"माझ्यावर संशय?" स्टेपलर दात आवळून म्हणाला.

शेवटी डॉक्टर खासनीसबाईंनीच त्याचं तोंड उघडलं. एक कडं तुटकं निघालं. म्हणजे सांध्याला तिथे फट राहिली होती. पेशंटने खाल्लेला घास छातीत झिरपला असता. बाईंनी सुई उचलली आणि फट शिवून काढली.

"जिंकलीस बाई," स्टेपलर पुटपुटला.

सुई अजून अस्वस्थच. "थांब रे! आधी सांध्यात पाणी भरून माझे टाके गळतात का, ते बाईंना बघू देत."