लुंगी नेसलेला खडक

खाडीच्या तोंडाशी तो काळा खडक दिसतो ना, लुंगी नेसलेला, त्याला हसू नका. पाहुणे हसतातच. मग विचारतात, देव आहे का? पीर आहे? तसं काही नाही. तो नक्की कोण, हे आम्हा खारव्यांनाही धड सांगता येत नाही. ऐकलं तेवढं सांगतो.

फार पूर्वी आमच्या आगरवेळला नारळ भरायला अरबांचं गलबत येई. खलाशी कमरेला चौकड्यांचं जाड वस्त्र गुंडाळत. शिवण नाही, नाडी नाही. ते त्याला फुता म्हणत, म्हणे. एकदा बायकापोरांनी भरलेली होडी खाडीपलीकडून येताना वल्हं मोडलं आणि ओहोटी तिला समुद्राकडे ओढू लागली. गलबतावरून एका खलाशाने उडी टाकली. अवद असं त्याचं नाव सांगतात. होडीचा दोर खडकापर्यंत पुरेना, तेव्हा त्याने कमरेचा फुता सोडून दोराला जोडला आणि होडी खडकाला जखडली. आमच्या लोकांनी दुसऱ्या होड्या नेऊन सगळ्यांना उतरवून घेतलं.

अवद मात्र खडकाआड गळाभर पाण्यात उभा. हात हलवून सांगे, जा, जा! आमच्यांना वाटलं, बिचारा बुडतोय. होड्या जवळ गेल्या, तो मागे सरला. आणखी जवळ गेल्या, तो आणखी खोल! कुणाला काही कळेना. त्यात भरती लागलेली.

शेवटी वाचलेल्यांतली म्हातारी भागू कडाडली, "मेल्यांनो, पाठ फिरवा! तेचा नेसूचा आपल्या होडीक बांधलाहा. तो भायर येतलो कसो?"

सगळ्यांनी लाजून पाठ फिरवली. पण किती वेळ? ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि आधी वळायची कुणाची छाती होईना. वळून बघितलं तेव्हा खडक पाण्याखाली गेला होता. माणूस नाही, फुता नाही. गलबतही दूर निघालेलं. कुणी म्हणतं, गलबताच्या डोलकाठीपाशी अवद उभा दिसला. कुणी म्हणतं, गलबतावरून रडणं ऐकू येत होतं. माझा बाप दोन्ही सांगायचा. मी आजवर गोंधळलेलाच आहे, आणि जिवाला लागून राहतं ते.

म्हणून आजही, होड्या समुद्रात घालायच्या दिवशी आम्ही खडकाला कोरी लुंगी बांधतो आणि भरती लागली की सारा गाव पाठ फिरवतो. पाणी उतरल्यावर लुंगी नसते. शहाणे म्हणतात, समुद्र नेतो. नेत असेल. खात्री करायची तर कुणीतरी बघत उभं राहायला हवं, आणि तेवढा निर्लज्ज या गावात अजून जन्मला नाही.

पाणी चढतंय. मोबाइल खिशात ठेवा आणि वळा बघू. त्याला बाहेर येऊ दे.