बेलचा दिवा

चिपळूणच्या विमलताई सावर्डेकरांना ऐकू येत नसे. समोरच्याचे ओठ वाचून त्या बोलत. चार ठिकाणचे भाव ताडून पाहून त्यांनी ऑनलाइन सुटे भाग मागवले आणि बेल दाबताच स्वयंपाकघरात लागणारा दिवा स्वतः जोडला. एका सकाळी सोसायटीचे चेअरमन घोरपडे आले. ताईंनी दार उघडलं.

"ताई, बेलला जोडलेलं ते स्वस्तातलं भंगार आजच काढा. असली खेळणी कधी चालतात का?"

"साहेब, बेल किती वेळा दाबलीत?"

"एकदाच."

"मला तर ऐकू येत नाही. मग तुम्ही आलात हे मला कोणी सांगितलं?"

घोरपडे आत डोकावले. मग म्हणाले, "आमच्या आईलाही हल्ली ऐकू येत नाही. ते भाग कुठून मागवलेत, तेवढं लिहून द्या."