न दुमडलेला काठ

एकदा एक मुलगी अशी होती, की शेजारच्या घरात कुणी दार आपटले तरी हातातली सुई तिच्या बोटात जायची. कॉलेज संपवून ती एका वृद्ध बाईंकडे हातशिलाई शिकत होती. त्या दिवशी मात्र दार आपटण्याचीही गरज नव्हती. ती सकाळपासूनच धास्तावलेली होती.

संध्याकाळी तिच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचे बारसे होते. बाळासाठी ती लोकरीच्या फेल्ट कापडाचा हत्ती शिवत होती. बोलावणे आले होते ते आईला. ताईने तिला स्वतःहून काही कळवले नव्हते. कळवणार तरी कशी? डोहाळजेवणात ताईच्या सासरच्या बायकांसमोर ही बोलून गेली होती, "आजारी आईला माझ्यावर टाकून तू बरी सुटलीस!" ताई उठून आत गेली होती. त्यानंतर दोघींत अवाक्षर नव्हते. हे सारे तिने बाईंना केव्हाच सांगितले होते. आता हत्ती तरी इतका निर्दोष व्हावा, की ताईला नाक मुरडायला जागाच राहू नये, एवढाच तिचा ध्यास होता.

"हे काय चाललंय?" बाईंनी चष्मा सावरत विचारले.

"काठ दुमडतेय. दुहेरी दुमडला म्हणजे धागे निघणार नाहीत."

"हत्तीला शालू नेसवतेस की काय?"

"थट्टा नका ना करू, बाई! सगळ्या जणी हातात घेऊन बघतील. कुठे एखादा धागा लोंबला तर..."

वाक्य पुरे झाले नाही. जाड दुमडीमुळे सोंड इतकी चिंचोळी झाली होती, की तिच्यात कापूस शिरेना. पेन्सिलीने रेटावा, तर शिवण फाटे. तिने उसवले, पुन्हा शिवले, पुन्हा उसवले. डोळे भरून आल्यामुळे सुईचे नेढेही दिसेनासे झाले.

बाईंनी तिच्या हातातून हत्ती काढून घेतला, कात्री उचलली आणि सगळा दुमडलेला काठ कडेकडेने कापून टाकला.

"बाई!" मुलगी ताडकन उठली, तसा बटणांचा डबा उपडा झाला. "अहो, संध्याकाळी बारसं आहे! काय केलंत हे?"

"बस. हा काठ नखाने उचकट. एक धागा काढून दाखव."

तिने उचकटले, ओढले. कापड किंचित ताणले गेले. पण धागा म्हणून काही निघेना.

बाई शांतपणे म्हणाल्या, "विणलेल्या कापडात धागे उभे-आडवे असतात. कापलं की ते सुटतात, म्हणून काठ दुमडायचा. हे विणलेलंच नाही. लोकर गरम पाण्यात भिजवतात, चोळतात, दाबतात. मग तंतू एकमेकांत असे गुंततात, की कुठला कुणाचा हे सांगता येत नाही. कात्री लागली तर काठ उघडा दिसतो, उसवत मात्र नाही. तू एका कापडाची भीती दुसऱ्याला लावलीस. एका अंथरुणात भांडत वाढलेल्या बहिणी तुम्ही. तुमचं नातं काय कुणी मागावर विणलंय? तू कापलंस, हे खरं. मग ते दुमडून लपवतेस कशाला?"

"पण तिने दारातूनच परत पाठवलं तर?"

"पाठवेलही. राग तिचा आहे, तो तिचा तिला करू दे. तू आपली उघड्या काठाने जा."

संध्याकाळी उघड्या काठाचाच शिवलेला हत्ती घेऊन ती गेली, तर दार ताईनेच उघडले. वाटेत घोकलेली सगळी वाक्ये मुलगी विसरली.

"ताई, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी फार वाईट बोलले. चुकलं माझं."

ताईच्या कपाळावरची आठी हलली नाही. "बोललीस खरी. अजून राग आहे मला तुझा. आणि तो आजच्या आज जायचाही नाही."

 परत फिरावे की थांबावे, मुलीला कळेना. तेवढ्यात ताईने कुशीतले बाळ पुढे केले.

"बघत काय उभी राहिलीस? धर हिला. पाळणा सजवायचा राहिलाय माझा. मानेखाली हात घे, वेंधळे!"

मानेखाली हात घालून तिने बाळाला घेतले. राग आणि आपलेपणा एकाच माणसात, एकाच वेळी नांदू शकतात, हे तिला त्या उंबरठ्यावर उमगले.