झिपऱ्याचं बारसं

फार पूर्वी, दूर दर्यातल्या एका बेटावर एक म्हातारा कोळी आणि त्याची म्हातारी राहत होती. बेटाभोवती प्रवाळाची भिंत होती. म्हाताऱ्याच्या तरुणपणी होडीतून नुसतं वाकलं, तरी खाली इवल्या रंगीत माशांची जत्रा दिसायची.

दर्यात नवं बीज वाढावं म्हणून बेटावर एक रीत होती. ज्या माशाला नाव नाही, तो पाहुणा. त्याला हात जोडून सोडून द्यायचं.

एके दिवशी म्हाताऱ्याच्या जाळ्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, पंख्यासारखे पर पसरलेला मासा आला. "काय देखणा पाहुणा!" म्हणत त्यानं तो सोडला. पुढं शेजाऱ्यांच्या जाळ्यातही तसे मासे आले. त्यांनीही सोडले.

वर्षं गेली. पाहुणे वाढले, भिंत ओस पडली. म्हातारा होडीतून वाकला, की त्याला आता स्वतःचाच चेहरा दिसे.

एकदा त्या माशाचा विषारी काटा त्याच्या बोटात घुसला. म्हातारीनं त्याचा हात सोसवेल इतक्या कढत पाण्यात धरला.

"अहो, त्या मेल्याला पुन्हा सोडलंत?"

"पाहुणा आहे गं तो."

"इतकी वर्षं? जावईसुद्धा एवढा मुक्काम करत नाही! ओहोटीच्या डबक्यात पाहिलंय मी. पर पसरून इवल्या माशांना कोपऱ्यात कोंडतो नि गटकन गिळतो. ते बिचारे पळतही नाहीत, असा वैरी त्यांनी कधी पाहिलाय कुठं?"

"रीत मोडली तर दर्या कोपेल."

"रिकामा झाला की! आणखी काय कोपायचं राहिलंय?"

म्हाताऱ्यानं पाण्यातून हात काढून घेतला. ती रीत त्याला बापानं शिकवली होती. मोडायची म्हणजे बापाचा हात सोडल्यासारखं वाटत होतं.

सकाळी पुन्हा तोच मासा आला. म्हाताऱ्यानं हात जोडले, बराच वेळ तसेच धरले. मग मासा टोपलीत टाकला.

"घे, कर याचं बारसं," किनाऱ्यावर तो म्हातारीला म्हणाला.

तिनं ते लोंबते पर पाहिले. "झिपऱ्या!"

किनाऱ्यावरच्या बायका खदखदून हसल्या. शिंगाळा या काटेरी माशासारखंच याचंही विष काट्यांतच असतं, मांसात नाही, हे म्हातारीनं ताडलं होतं. तिनं कात्रीनं काटे उडवले. पोट चिरलं, तर आत इवल्या माशांचा खच.

त्या दिवसापासून बेटावर घरोघरी झिपऱ्याचं कालवण शिजू लागलं. हळूहळू भिंतीपाशी काही मासे परतले. काही परतलेच नाहीत. म्हातारा त्यांची नावं घेई, तेव्हा मुलं विचारत, "आजोबा, तो मासा दिसतो कसा?"

तात्पर्य: जे जपायला रीत घातली, तेच तिच्यापायी मरत असेल, तर ती मोडायला उद्यापर्यंतही थांबू नये.