भात्याचं गाणं

तांबेगल्लीत आलेल्या पाहुण्याला तात्या वडके आधी आपल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानातली फरशी दाखवतात. ती उचलली की खाली दगडी पायऱ्या, आणि त्याखाली पेव. एके काळी त्यात धान्य साठवत. आता तिथे शाहिरी होते, नाटकं होतात, पोरं गिटार वाजवतात. भर पेठेतली कला जमिनीखाली का गेली, ते तात्या तिथेच उभं राहून सांगतात.

इंग्रजी अमलातली गोष्ट. शाहीर तुळाजीच्या कवनांवर सरकारने बंदी घातली होती. तेव्हा या दुकानाची मालकीण होती सगुणाबाई. नवरा गेल्यावर हातोडा तिनेच उचललेला. तिने शाहिराला पेव दिलं. दिवसभर वर हंडे-घागरींवर ठोके पडत आणि त्या आवाजाखाली तालीम चाले. ठोके थांबले की गाणंही थांबवायचं, असं ठरलेलं होतं.

एका दुपारी शाहिराच्या मागावरचा फौजदार थेट दुकानात शिरला म्हणे. "बंद करा ही ठोकाठोकी! सगळी गल्ली गप्प करा."

हातोडे थांबले. पण खाली शाहीर रंगात आला होता, त्याच्या ते ध्यानात आलं नाही. फरशीखालून स्वच्छ आवाज आला, "जागा हो रं माझ्या..."

पुढचा शब्द 'देसा' होता. तो ऐकू आला असता तर सगळ्यांच्या हातात बेड्या पडल्या असत्या. चारचौघांत सगुणाबाई कधी गायली नव्हती. विधवा बाईने गळा काढावा, असा तो काळही नव्हता. तरी तिने भात्याचा दांडा धरला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला, "...भात्याऽऽ! जागा हो रं माझ्या भात्या!"

फौजदार चमकला. "हे काय?"

"भात्याचं गाणं, साहेब. वारा घालताना म्हणतो आम्ही."

"सगळेच म्हणता?"

तोच समोरच्या दुकानातून सूर आला, "जागा हो रं माझ्या हातोड्या!" मग पलीकडून, "माझ्या ऐरणी!" रोज ऐकून चाल साऱ्या गल्लीला पाठ झाली होती. गाणं नेमकं कुठून येतंय, ते फौजदाराला कळेना. कानांवर हात ठेवून तो निघून गेला.

तो दिसेनासा झाला तशी सगुणाबाई हसतच सुटली. शाहीर घामाघूम होऊन वर आला.

"बाई, सुरात गायलात की!"

"सुराचं राहू दे. पुढच्या वेळी कान उघडे ठेव, बाबा."

आजही पेवातल्या कार्यक्रमाची पहिली ओळ कलावंत म्हणत नाहीत. गल्लीतली एखादी बाई वर उभी राहून ती म्हणते, आणि शेवटचा शब्द तिच्या कामाचा असतो. परवा भाजीवाल्या हौसाबाईंनी तराजूला जागं केलं. खाली बसलेले कलावंत तोवर कान उघडे ठेवून ऐकत होते.