वस्तादांचं कातडं

"खरं सांगा वस्ताद, अंगाला लावताय तरी काय?"

हंबीरनं हा प्रश्न काही पहिल्यांदा विचारला नव्हता. पण आज त्याच्या आवाजात घाई होती. उद्या गावची जत्रा, आणि जत्रेतली शेवटची कुस्ती त्याची. गावात हलगी कडाडत होती. तिचा ठेका थेट त्याच्या मांड्यांत उतरत होता, आणि गडी एका जागी उभा राहायला तयार नव्हता.

दौलू वस्ताद तालमीच्या दारात उन्हाला बसले होते, शेजारी तेलाचा छोटा गडू. वय ऐंशीच्या घरात. पण अंग बघावं तर कुठं डाग नाही, भेग नाही, खवडा नाही. तालमीतल्या तरण्याबांड पोरांनी हेवा करावा असं कातडं.

"तिळाचं त्याल," वस्ताद म्हणाले. "थोडंसं."

"त्ये तर सगळीच लावत्यात."

"मग सगळ्यांस्नी गुपित ठावं हाय की!"

"चेष्टा नगं वस्ताद. त्या गडूत काय हाय?"

"त्येच. वास घे."

हंबीरनं वास घेतला. तिळाचं तेलच होतं. त्याचा विश्वास काही बसला नाही. साधी गोष्ट खरी मानायला माणसाला फार जड जातं, आणि हंबीरसारख्या माणसाला तर जास्तच. पंचक्रोशीत कुणाकडून पाठ मातीला न लागलेला गडी तो. त्याला वाटे, आपल्याला जे साधत नाही ते कुणीतरी लपवून ठेवलेलं असणार.

खरं तर वस्तादांचं सगळं उघड्यावर चाले. मेहनत झाली की घाम मातीत जिरू द्यायचा. मग आंघोळ, तीही कोमट पाण्यानं. कढत पाणी ते अंगावर घेत नसत. आंघोळीनंतर स्वतःच्याच पंचानं अंग टिपायचं. काखा, जांघा, पायाच्या बोटांच्या बेचक्या... सगळं कोरडंठाक. नखं काढलेली. लंगोट रोजचा रोज धुऊन दारातल्या दोरीवर, कडक उन्हात.

पोरं हसत. "वस्ताद निघालं बोहल्यावर!" म्हणत. हंबीर सगळ्यांत मोठ्यानं हसे.

त्याला असल्या बायकी नखऱ्यांना सवड कुठं होती? घामेजला लंगोट पिशवीत कोंबायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच ओला कसायचा. हाताला लागेल तो पंचा आपला.

करावं तसं भरावं. लंगोटाच्या पट्टीखाली, कमरेवर, नायटा उठला होता. आधी सुपारीएवढा, आता भाकरीच्या वाटेला लागलेला. जत्रेत आखाड्यात उतरण्याआधी पंच पैलवानाचं अंग निरखून बघतात. नायटा दिसला की कुस्ती गेली. म्हणून वस्तादांकडचं काही जालीम औषध मिळालं तर बघावं, नाहीतर उद्या तांबडी माती थापून वेळ मारून न्यावी, असा त्याचा बेत होता. आत्ताही कमरेवर माती थापलेलीच होती.

"दोरीवर तुझा लंगोट कधी दिसत न्हाई, हंबीर."

"घरात वाळत घालतो."

"बरं..."

वस्ताद उठले. अंगातली पैरण काढून खुंटीला लावली.

"चल. उतर आखाड्यात."

"कुणासंगं?"

"माझ्यासंगं."

हंबीरच्या अंगावर सर्रकन काटा आला. वस्तादांनी आखाड्यात कुणाचा हात धरलेला त्यानं कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या बापानंही फक्त ऐकलं होतं. आणि आज ते स्वतःहून म्हणतायत, चल! हंबीरला ओरडावंसं वाटलं, पळत जाऊन अख्खा गाव गोळा करावासा वाटला. यापुढं उद्याची कुस्ती म्हणजे काय, नुसती चटणी-भाकरी!

वस्तादांनी वाकून माती कपाळाला लावली. मग शड्डू ठोकला.

त्या आवाजानं तालमीच्या भिंती दणाणल्या. बाहेरची हलगीसुद्धा क्षणभर ऐकू आली नाही.

सलामी झाली. दोघं फिरू लागले. म्हाताऱ्याचे पाय मातीवर असे सरकत होते की हंबीर बघतच राहिला. पहिला हात मानेवर आला. काय पकड! हंबीर आनंदानं हसला. काळीज नुसतं उड्या मारत होतं.

मग वस्तादांचा दुसरा हात कमरेकडं निघाला. तो निर्मळ दंड, ती निर्मळ छाती आता त्याच्या अंगाला भिडणार होती. एकच मिठी... आणि जन्मभर सांगायला गोष्ट झाली. मातीखालचं कुणाला कळणारही नव्हतं.

हंबीर मागं उडाला. पार आखाड्याच्या कडेला जाऊन आदळला.

"काय रं? भ्यालास?"

"हात लावू नगा वस्ताद..."

"का?"

हंबीरनं तळहातानं कमरेवरची माती पुसली. खाली लालभडक चकंदळ होतं.

वस्तादांनी वाकून पाहिलं.

"कवापासनं?"

"जत्रंची कुस्ती ठरली तवापासनं."

"आन् तवापासनं रोज पोरांसंगं कुस्ती धरतुयास."

हंबीरची मान खाली गेली. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपली कुस्ती, आपलं नाव, आपलं अंग, एवढंच तो धरून बसला होता. त्याला स्वतःची शरम वाटली.

"पंचांस्नी दिसला नसता," तो पुटपुटला. "मातीत झाकला असता. पर तुमच्या अंगाला..."

"माझं ऱ्हाऊ दे. उद्या समोर कोण हाय?"

"किस्नात."

"घरात कोण त्येच्या?"

"बायकू हाय. आन् तान्हं..."

बाहेर हलगीनं पुन्हा जोर धरला होता.

"म्या जाऊन सांगतो त्याला," तो एकदम म्हणाला. "माझ्याच तोंडानं. पोरांस्नी बी सांगतो."

"जा. येताना डाक्टरांचं मलम आण. खाज थांबली म्हून लावायचं थांबू नगं, ते सांगतील तवर लाव. लंगोट उकळून काढ. पंचा कुणाचा घ्यायचा न्हाई, कुणाला द्यायचा न्हाई. पुढल्या महिन्यात कसब्याचं मैदान हाय. तवर निवळशील."

"किस्नात धरंल कसब्याला?"

"इचार की त्याला!"

उद्याची कुस्ती हातची गेली होती. हंबीरला रडू यायला हवं होतं. पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं, आणि पायांना पळायची घाई झाली होती. त्यानं अंगात सदरा अडकवला. वाकला, पण पायांना हात न लावता लांबूनच नमस्कार केला. वस्ताद गालातल्या गालात हसले.

दारापर्यंत गेला, आणि थबकला.

वस्ताद रांजणातलं पाणी बादलीत घेत होते. पुन्हा आंघोळीची तयारी.

"वस्ताद... एक इचारू?"

"इचार."

"माझ्या जन्माआधीपासनं तुमी कुणासंगं धरलं न्हाई. मग रोज ह्ये एवढं धुणंपुसणं कुणासाठी?"

वस्तादांनी पाण्यात बोटं बुडवून पाहिली.

"कोण कवा येऊन मिठी मारंल... त्याचा नेम हाय व्हय रं?"